बर्फावरील वाघीण

पावसाळ्यात घाटातील शेवाळलेल्या वाटेवरून उतरताना पाऊल किती जपून टाकावे लागते, हे तुम्हांस ठाऊक असेल. पाय जरासा निसटला, की तोल गेलाच म्हणून समजा! आता अशी कल्पना करा, की ती वाट संपूर्णपणे घट्ट बर्फाने झाकलेली आहे; उतार एखाद्या गडाच्या चढणीसारखा उभा आहे; उतरणाऱ्याच्या पायांत माणसाच्या उंचीहून लांब अशा दोन गुळगुळीत पट्ट्या बांधलेल्या आहेत; आणि त्याने जपून नव्हे, तर जितक्या वेगाने येता येईल तितक्या वेगाने खाली यावयाचे आहे. अंगावर काटा आणणारा हा खेळ थंड प्रदेशांतील मुले अगदी लहानपणापासून खेळतात. त्याला स्कीइंग म्हणतात, आणि पायांत बांधावयाच्या त्या पट्ट्यांना स्की म्हणतात.

या खेळात १९६७ व १९६८ अशी लागोपाठ दोन वर्षे साऱ्या जगात पहिली आलेली नॅन्सी ग्रीन ही कॅनडातील एका लहानशा गावात वाढलेली मुलगी. तिच्या धडाडीमुळे लोक तिला ‘टायगर’, म्हणजे वाघीण, म्हणू लागले. परंतु ही वाघीण पहिल्याच झेपेत शिखरावर पोहोचली नव्हती. आपल्या पहिल्या ऑलिंपिक शर्यतीत तिचा क्रमांक बाविसावा होता! त्या बाविसाव्या क्रमांकापासून पहिल्या क्रमांकापर्यंतची वाटचाल तिने कशी केली, हे पाहण्याजोगे आहे.

कॅनडाच्या पश्चिम टोकाला ब्रिटिश कोलंबिया नावाचा डोंगराळ प्रांत आहे. त्या प्रांतात, अमेरिकेच्या सरहद्दीपासून जवळच, रॉसलँड हे गाव डोंगरांच्या कुशीत वसलेले आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तेथील रेड माउंटन नावाच्या डोंगरात सोने सापडले आणि देशोदेशीचे लोक तेथे धावत आले. त्यांत काही नॉर्वेचे रहिवासीही होते. नॉर्वे हा स्कीचा जुना देश. तेथील लोक बर्फातून ये-जा करण्यासाठी शेकडो वर्षांपासून स्की वापरीत आले आहेत. या मंडळींनी सोन्याच्या शोधाबरोबर आपला खेळही रॉसलँडला आणला. पुढे खाणींतील सोने आटले, खाणी ओस पडल्या. पण खेळ मात्र गावात मुरला. १९४७ मध्ये रेड माउंटनवर लोकांना वर नेणारा, तारेवरून सरकणाऱ्या खुर्च्यांचा पाळणा बसविण्यात आला. मग काय, शाळा सुटली की मुलांची पावले आपोआप डोंगराकडे वळू लागली.

नॅन्सीचा जन्म ११ मे १९४३ रोजी ओटावा या कॅनडाच्या राजधानीत झाला. परंतु तिचे बालपण गेले ते या रॉसलँडमध्ये. तिच्या आईवडिलांना स्कीइंगची मनापासून आवड होती. त्यामुळे घरातील मुले चालावयास शिकली न शिकली तोच स्कीवर उभी राहत. नॅन्सीची थोरली बहीण एलिझाबेथ ही तर लहानपणापासूनच चपळ खेळाडू म्हणून नावाजलेली होती. धाकट्या बहिणीला सुरुवातीस शर्यतींची फारशी ओढ नव्हती. डोंगरावरून मनसोक्त भटकावे, एवढेच तिला पुरे होते. शाळेत असताना ती शर्यतींत उतरू लागली, तेव्हाही ताईला गाठावे एवढेच तिचे ध्येय होते. मोठ्या भावंडांमागे धावता धावता आपलेही पाय भक्कम होतात, हा अनुभव तुमच्यापैकी अनेकांना असेलच.

नॅन्सीच्या शर्यतींची हकीकत समजून घेण्यापूर्वी या शर्यती कशा होतात, ते थोडक्यात पाहू.

उतारावरील शर्यतींचे मुख्य तीन प्रकार त्या काळी होते. पहिला प्रकार डाउनहिल. यात डोंगराच्या वरच्या भागापासून पायथ्यापर्यंत थोडी वळणे घेत सरळ धाव घ्यावयाची असते. वेग ताशी शंभर किलोमीटरच्याही पुढे जातो. म्हणजे मोठ्या रस्त्यावरील भरधाव मोटारीचा वेग. आणि तोही मोटारीत बसून नव्हे, तर दोन पट्ट्यांवर उभे राहून! दुसरा प्रकार स्लॅलम. यात उतारावर काठ्या रोवून जवळजवळ दारे उभारलेली असतात. त्या दारांमधून नागमोडी वळणे घेत खाली यावयाचे असते. एक दार जरी चुकले, तरी खेळाडू बाद होतो. येथे नुसत्या वेगापेक्षा चापल्याला अधिक महत्त्व असते. तिसरा प्रकार जायंट स्लॅलम, म्हणजे मोठा स्लॅलम. यातील दारे अधिक अंतरावर असतात व वाट अधिक लांब असते. म्हणून यात डाउनहिलचा वेग आणि स्लॅलमचे चापल्य या दोन्ही गुणांची कसोटी लागते.

या शर्यतींत सारे खेळाडू एकदम धावत नाहीत. एकामागून एक खेळाडू सुटतो आणि घड्याळ त्याचा वेळ मोजते. हा वेळ सेकंदाच्या शंभराव्या भागापर्यंत मोजला जातो. सेकंदाचा शंभरावा भाग म्हणजे किती, हे सांगणे कठीण. पण त्याचा हिशेब करून पाहता येईल. ताशी पन्नास किलोमीटर वेगाने जाणारा खेळाडू एका सेकंदात सुमारे चौदा मीटर अंतर तोडतो. म्हणून सेकंदाच्या शंभराव्या भागात तो सुमारे चौदा सेंटिमीटर पुढे जातो. म्हणजे वीतभरसुद्धा नाही! एवढ्याशा फरकाने या खेळात हार किंवा जीत ठरते. वळण घेताना शरीर किंचित जास्त वाकले, स्कीची कड बर्फात जराशी अधिक रुतली, किंवा स्कीच्या तळाला लावलेले मेण त्या दिवशीच्या बर्फाला मानवले नाही, की वीतभराचे अंतर हातभर होते आणि विजय निसटतो.

१९६० मध्ये अमेरिकेतील स्क्वॉ व्हॅली येथे हिवाळी ऑलिंपिक सामने भरले. कॅनडाच्या संघात एलिझाबेथची निवड झाली आणि तिच्याबरोबर सोळा वर्षांच्या नॅन्सीचीही. डाउनहिलमध्ये तिचा बाविसावा क्रमांक आला. इतर दोन शर्यतींत तर ती त्याहून मागे राहिली. सोळा वर्षांच्या मुलीने ऑलिंपिकपर्यंत मजल मारली, हेच थोडे झाले काय, असे म्हणून तिला समाधान मानता आले असते. परंतु त्याच सामन्यांत तिने एक दृश्य पाहिले. तिच्याच संघातील ॲन हेगटव्हाइट ही मुलगी स्लॅलममध्ये तीन सेकंदांहून अधिक फरकाने पहिली आली. स्कीइंगमधील ऑलिंपिक सुवर्णपदक कॅनडाला मिळण्याची ती पहिलीच वेळ होती.

या विजयाचे महत्त्व समजण्यासाठी एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. उतारावरील या शर्यतींची परंपरा युरोपातील आल्प्स पर्वताच्या परिसरात वाढली. तेथील फ्रान्स, ऑस्ट्रिया, स्वित्झर्लंड या देशांच्या खेळाडूंचा या खेळात दबदबा होता. मोठ्या शर्यती बहुतेक तेथेच होत. उत्तम शिक्षकही तेथेच असत. कॅनडात बर्फाला तोटा नव्हता, पण कॅनडाच्या खेळाडूंना शर्यतींसाठी महासागर ओलांडून दूर जावे लागे. तेव्हा आल्प्सच्या लेकींना हरविणे आपल्याला शक्य नाही, असे अनेकांना वाटत असल्यास नवल नव्हते. ॲनने ते करून दाखविले. ज्या मुलीबरोबर आपण रोज सराव करतो, ती जर जगात पहिली येऊ शकते, तर आपण का नाही? हा प्रश्न नॅन्सीच्या मनात रुजला.

मात्र मनात आणले आणि लगेच झाले, असे या जगात क्वचितच घडते. चार वर्षांनी, १९६४ मध्ये, ऑस्ट्रियातील इन्सब्रुक येथे पुन्हा ऑलिंपिक भरले. या वेळी डाउनहिलमध्ये नॅन्सीचा सातवा क्रमांक आला. बाविसाव्यावरून सातवा! प्रगती खरीच, पण पदक अजून दूर होते. इतर दोन शर्यतींत तर ती पहिल्या दहांतही नव्हती.

याच सुमारास कॅनडाच्या स्की संघासाठी एक नवी व्यवस्था करण्यात आली. रॉसलँडपासून फार दूर नसलेल्या नेल्सन या गावी एक लहान विद्यापीठ होते. तेथे राष्ट्रीय संघातील खेळाडूंची राहण्याची, शिक्षणाची व सरावाची एकत्र सोय झाली. आतापर्यंत खेळाडू विखुरलेले असत व हिवाळ्यापुरते जमत. आता त्यांना वर्षभर एकत्र राहून शिस्तीने तयारी करता येऊ लागली. बर्फ नसलेल्या दिवसांतही व्यायाम चुकत नसे. शर्यत हिवाळ्यात होते, पण तिचा विजय उन्हाळ्यात कमवावा लागतो, ही गोष्ट नॅन्सीने येथे पुरती ओळखली.

१९६६ च्या ऑगस्ट महिन्यात दक्षिण अमेरिकेतील चिली देशात पोर्टिलो येथे जागतिक अजिंक्यपदाचे सामने झाले. पृथ्वीच्या दक्षिण गोलार्धात तेव्हा हिवाळा असतो. नॅन्सी आता ऐन भरात होती आणि तिच्याकडून मोठ्या अपेक्षा होत्या. परंतु डाउनहिलमध्ये भरवेगात असताना ती कोसळली. अंगाला मार बसला आणि पदकाची आशा मावळली. तिसरी मोठी संधी हातची गेली!

योगायोग असा, की त्याच पोर्टिलो गावी त्याच दिवसांत एका नव्या स्पर्धेला मान्यता मिळाली. सर्ज लँग या फ्रेंच पत्रकाराने व त्याच्या सहकाऱ्यांनी अशी कल्पना मांडली होती, की एकाच दिवसाच्या एका शर्यतीवरून जगातील श्रेष्ठ खेळाडू ठरवू नये. संपूर्ण हिवाळाभर ठिकठिकाणी शर्यती घ्याव्यात. प्रत्येक शर्यतीत पहिल्याला २५ गुण, दुसऱ्याला २०, तिसऱ्याला १५ असे गुण द्यावेत. आणि हंगामाच्या शेवटी ज्याचे गुण सर्वांत अधिक, त्याला जागतिक चषक द्यावा. जेथे नॅन्सी पडली, तेथेच तिच्या मोठ्या विजयाची वाट आखली जात होती!

जानेवारी १९६७ मध्ये जागतिक चषकाच्या शर्यती सुरू झाल्या. नॅन्सीने आरंभ उत्तम केला. तथापि कॅनडाचा संघ हंगामाच्या मध्येच मायदेशी परतल्यामुळे युरोपातील काही शर्यती तिला हुकल्या. तेवढ्या अवधीत फ्रान्सच्या खेळाडू गुण मिळवीत राहिल्या. फ्रान्सची मारिएल गोइशेल ही या वेळी तिची मुख्य प्रतिस्पर्धी होती. मारिएल म्हणजे काही सामान्य खेळाडू नव्हे. १९६४ च्या ऑलिंपिकमध्ये जायंट स्लॅलमचे सुवर्णपदक तिनेच जिंकले होते.

हंगामाच्या अखेरच्या शर्यती मार्च महिन्यात अमेरिकेतील वायोमिंग राज्यात जॅक्सन होल येथे होत्या. नॅन्सी गुणांमध्ये मागे होती. चषक मिळवावयाचा, तर येथे जिंकण्यावाचून दुसरा मार्ग नव्हता. तिने जायंट स्लॅलम जिंकला. आता उरला फक्त स्लॅलम. ही शर्यत मारिएलने जिंकली असती, तर चषक फ्रान्सला जाणार होता. नॅन्सीने जिंकली, तर तो कॅनडाला येणार होता. एका हिवाळ्याची सारी मेहनत एका उताराच्या टोकाशी येऊन उभी राहिली होती.

दोघीही उतरल्या. दोघींनीही कसलीच कसूर केली नाही. घड्याळाने निकाल दिला: नॅन्सी पहिली, आणि फरक सेकंदाच्या केवळ सात शतांशांचा! आपण मघाशी केलेला हिशेब आठवा. ताशी पन्नास किलोमीटरच्या वेगात सात शतांश सेकंद म्हणजे एक मीटरपेक्षाही कमी अंतर. महिनोन्महिने, देशोदेशी चाललेली ती झुंज अखेर एवढ्याशा अंतराने सुटली. नॅन्सीचे एकूण गुण १७६ झाले, मारिएलचे १७२. पहिला जागतिक चषक मिळविणारी पहिली स्त्री कॅनडाची ठरली.

तरीही ऑलिंपिक पदकाने तिला अजून हुलकावणीच दिली होती. १९६८ च्या फेब्रुवारीत फ्रान्समधील ग्रेनोबल येथे ऑलिंपिक भरावयाचे होते. सामन्यांपूर्वी जेमतेम महिनाभर एका शर्यतीत तिच्या घोट्याला दुखापत झाली. पाय हेच ज्याचे शस्त्र, त्या खेळाडूला घोट्याची दुखापत म्हणजे केवढे संकट! परंतु ती खचली नाही. उपचार घेऊन ती वेळेवर उभी राहिली.

ग्रेनोबलजवळच्या शॅमरूस येथील उतारांवर स्त्रियांच्या शर्यती झाल्या. पहिली शर्यत डाउनहिलची. नॅन्सी दहावी आली. चार वर्षांपूर्वीच्या सातव्या क्रमांकाच्याही मागे! दुसरी शर्यत स्लॅलमची. येथे पुन्हा मारिएल आणि नॅन्सी समोरासमोर आल्या. या वेळी ०.२९ सेकंदाने मारिएल जिंकली व नॅन्सीला रौप्यपदक मिळाले. जॅक्सन होलला ज्या शतांशांनी नॅन्सीला साथ दिली, त्यांनी आता मारिएलची बाजू घेतली होती. खेळात असेच असते. म्हणून विजयाने फुगू नये आणि पराजयाने मोडू नये.

१५ फेब्रुवारी १९६८. शेवटची शर्यत जायंट स्लॅलमची. त्या काळी स्त्रियांच्या जायंट स्लॅलममध्ये एकदाच उतरावयाचे असे; चूक सुधारण्याची दुसरी संधी नव्हती. नॅन्सीने उतारावर झेप घेतली. एकामागून एक दार मागे पडू लागले. १ मिनिट ५१.९७ सेकंदांत ती खाली पोहोचली. दुसरी आलेली फ्रान्सची आनी फामोझ हिला १ मिनिट ५४.६१ सेकंद लागले. फरक किती? तब्बल २.६४ सेकंद! जेथे शतांशांवरून भांडण असते, तेथे अडीच सेकंदांहून अधिक फरक म्हणजे दोघींमध्ये पस्तीस-चाळीस पावलांचे अंतर. फ्रान्सच्या भूमीवर, फ्रान्सच्या नामांकित खेळाडूंना मागे टाकून रॉसलँडच्या मुलीने सुवर्णपदक जिंकले. आठ वर्षांपूर्वी मनात उठलेल्या प्रश्नाचे उत्तर तिला मिळाले होते.

त्याच हंगामात तिने जागतिक चषकही पुन्हा जिंकला. या चषकाच्या काही शर्यती त्या वर्षी खुद्द रॉसलँडच्या रेड माउंटनवर झाल्या. ज्या उतारावर ती लहानपणी ताईच्या मागे धावली होती, तो उतार पाहावयास आता जगातील श्रेष्ठ खेळाडू आले होते. आणि मग, वयाच्या अवघ्या चोविसाव्या वर्षी, कीर्तीच्या शिखरावर असताना, नॅन्सीने शर्यतींचा निरोप घेतला.

शर्यती सोडल्या, तरी डोंगर मात्र तिने सोडला नाही. १९६८ मध्येच तिच्या नावाने कॅनडातील लहान मुलामुलींसाठी स्कीइंगच्या स्पर्धांचा एक संघ सुरू झाला. त्यातून पुढे अनेक मुले शर्यतीचे पहिले धडे शिकली. पुढे तिने स्की प्रशिक्षक ॲल रेन यांच्याशी विवाह केला आणि पतीबरोबर ब्रिटिश कोलंबियातील स्कीइंगची ठिकाणे विकसित करण्यास हातभार लावला. १९९९ मध्ये शतकातील सर्वश्रेष्ठ कॅनेडियन महिला खेळाडू म्हणून तिची निवड करण्यात आली. २००९ ते २०१८ या काळात तिने कॅनडाच्या संसदेत सेनेटच्या सभासद म्हणून काम केले.

नॅन्सीच्या ऑलिंपिकमधील डाउनहिलचे क्रमांक ओळीने मांडले, तर ते असे दिसतात: बाविसावा, सातवा, दहावा. ही काही जगज्जेत्याची ओळ वाटत नाही. ती वाचून एखादा म्हणेल, की ही मुलगी कधीच पहिली आली नसेल. पण ज्या फेब्रुवारीत ती दहावी आली, त्याच फेब्रुवारीत, अवघ्या पाच दिवसांनी, तिने सुवर्णपदक जिंकले. दहाव्या क्रमांकानंतर जी पुन्हा त्याच निर्धाराने उताराच्या टोकाशी जाऊन उभी राहते, तिलाच पहिला क्रमांक भेटतो. बर्फावर पडणारे पुष्कळ असतात. अंगावरचा बर्फ झटकून पुन्हा डोंगराच्या माथ्याकडे निघणारे थोडे. रॉसलँडची ही वाघीण त्या थोड्यांपैकी एक होती.